पाहुणे उपाशी गेले

योगराजला लहानपणापासून एक कला साधली होती. दोन माणसं भांडायला उभी राहिली की हा मधे शिरायचा आणि एकाचं बोलणं इतकं मऊ करून दुसऱ्याला सांगायचा की भांडण जागच्या जागी थंड व्हायचं. त्याचे वडील, नाव दगा, अमळनेरकडच्या खेड्यातून लूम चालवायला सुरतेत आले, तेव्हा त्यांना गुजराती येत नव्हती आणि शेठला अहिराणी. शेठ आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. योगराज वडिलांना सांगायचा, “शेठ म्हनस, धागा तुटस, जरा ध्यान ठेवा.” वडील उलट दुप्पट शिवी हासडायचे, आणि हा शेठला हसून सांगायचा की उद्यापासून ध्यान ठेवतील. दोघंही त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे. कारट्यानं मधल्या मधे काय काय गिळलं, हे दोघांनाही कळायचं नाही. पोरगं गुणाचं आहे असं सगळी गल्ली म्हणायची, आणि योगराजलाही ते पटलं होतं.

ही गल्ली म्हणजे पलसाण्याच्या अलीकडे, हायवेला लागून असलेली ओमकृपा सोसायटी. सुरतेत पत्र्याच्या खोल्यांची एक रांग उभी राहिली की तिला सोसायटी म्हणायची रीत आहे, त्यामुळे नावाला भुलायचं कारण नाही. पुढे हायवे, मागे कापड रंगवणाऱ्या मिलांची धुराडी, आणि मधे खानदेश. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, आणि पोरं आपसात भांडणार ती हिंदीत.

योगराजची आई लवकर गेली. त्याला वाढवलं ते वडिलांच्या बहिणीनं, धुरपदाबाईनं. तो तिला फुई म्हणायचा. फुई साड्यांना टिकल्या चिकटवायची. दिवसभर मान खाली, आणि तोंड मात्र चालू. तिचा आवाज गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जायचा. शेजारणीशी ती भांडायची, आणि संध्याकाळी तिच्याच घरी वाटीभर भाजी पाठवायची. योगराजशीसुद्धा ती कधी मऊ बोलली नाही, पण त्याचं ताट वाढल्याशिवाय स्वतः कधी घास घेतला नाही. तो शिकला, समाजकार्याची पदवी मिळवली, डिंडोलीत फ्लॅट घेतला, त्याची बायको वर्षा शाळेत शिकवू लागली, तरी दर रविवारी तो फुईकडे जेवायला असायचाच. गेला की फुई त्याच्यापुढे सगळं गाऱ्हाणं ओतायची. धुराड्यातून काजळी पडते. वाळत घातलेलं लुगडं काळं होतं. छपरावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायची सोय उरली नाही, पांढरे बिबडे संध्याकाळपर्यंत तीळ लावल्यासारखे होतात. मिलवाले रात्री बॉयलरात चिंध्या जाळतात, त्या वासानं छाती भरून येते. “तू त्या मोठा मोठा लोकेस्मा बससना,” ती म्हणायची, “मंग सांग ना त्यासले.”

आणि योगराज खरोखरच मोठ्या लोकांत बसत होता. भारत, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या चार देशांतल्या आरोग्यक्षेत्रातल्या लोकांनी मिळून एक मंच उभा केला होता, आणि त्याचं सुरतेतलं काम योगराजकडे होतं. मुद्दा साधा होता. कापड रंगवणाऱ्या मिलांवर एका देशानं नियम कडक केले की धंदा शेजारच्या देशात सरकतो आणि धूर तिथल्या लोकांच्या छातीत जातो. म्हणून चारही देशांनी मिळून एकच धोरण करायचं. मिलेजवळच्या वस्तीत श्वासाची तपासणी करणारा दवाखाना, वस्तीच्या छपरावर हवा मोजणारं यंत्र, आणि दोन्हीकडे खराब निघालं की मिलेनं इंधन बदललंच पाहिजे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक देशातली एकच वस्ती घ्यायची.

कोलंबोच्या बैठकीत ती वस्ती कशी निवडायची यावर घोळ सुरू होता, तेव्हा योगराज उठून उभा राहिला. अंगात कोट होता. तो म्हणाला, “धुराडं मालकाचं आहे, पण खोकला लोकांचा आहे. लोकांना विचारा. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि तेच प्रमाण माना.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढाक्याच्या डॉक्टर शाहनाज यांनी जेवणाच्या वेळी मुद्दाम जवळ येऊन हात मिळवला. नियम धोरणाच्या मसुद्यात गेला. सुरतेला परतताना विमानात योगराजच्या डोळ्यांपुढे फुईचं छप्पर होतं आणि त्याच्यावर पांढरेशुभ्र बिबडे.

पाहुणे सुरतेला येणार असं ठरलं. दोन वस्त्या पाहायच्या, एक ओमकृपा आणि दुसरी कामरेजजवळची, आणि त्यांतली एक निवडायची. योगराजनं गल्लीत निरोप दिला, की बाहेरच्या देशांतले डॉक्टर येतात, जे आहे ते बेधडक सांगा, आणि खायचं-प्यायचं काही करू नका, त्यांचे हॉटेलातले डबे बसमध्येच असतात. पाहुण्यांसाठी काही करू नका, हे खानदेशी बाईला सांगणं म्हणजे तिला श्वास घेऊ नका म्हणण्यातला प्रकार. पण सांगायचं काम त्यानं केलं.

सकाळी पाहुणे हजीऱ्याला एक कारखाना पाहायला गेले, तिथे फाटकावरच्या कागदपत्रांत रखडले, आणि ओमकृपात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. बसमधून उतरताच योगराजनं दाखवायला काजळी शोधली. गल्ली चकाचक होती. बायकांनी पहाटे उठून छपरं धुतली होती, ओटे धुतले होते, भिंतींवरची काजळी पुसून काढली होती. फुईच्या दारात रांगोळी. एरवी ज्या दोरीवर काळवंडलेली लुगडी असायची, ती दोरीच काढून टाकलेली. नेपाळचे एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, वस्ती किती स्वच्छ आहे.

आणि आतून तुरीच्या वरणाला दिलेल्या फोडणीचा वास येत होता. फुईनं सगळ्यांसाठी वरण-बट्टी केली होती. तुपात तळलेल्या बट्ट्यांची परात, घोटलेल्या वांग्यांची भाजी, शेजारपाजारहून गोळा केलेली ताटं. ताटांवर, अर्थातच, माश्या.

योगराजला लाज वाटली. ही गोष्ट पुढे त्यानं स्वतःपाशी नाना तऱ्हांनी फिरवून पाहिली, वेळ नव्हता म्हणून पाहिली, पाहुण्यांच्या पोटाची काळजी होती म्हणून पाहिली, पण खरं ते एवढंच होतं. कोलंबोत ‘माझी माणसं’ म्हणताना छाती फुगली होती. इथे ती माणसं समोर बसलेली, फुईच्या साडीला हळदीचा डाग, कोपऱ्यात प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी, आणि त्या घरात डॉक्टर शाहनाज गुडघे दुमडून बसलेल्या. त्यातच त्याची वरिष्ठ अनुजा, पुण्याची कामसू बाई, हिचा फोनवर निरोप आला, की उशीर झालाय, लवकर आटपा.

शाहनाजबाईंनी फुईकडे बघून विचारलं, आणि योगराजनं ते अहिराणीत सांगितलं. तुम्हाला धुराचा काही त्रास होतो का? दम लागतो, खोकला येतो?

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग फुई बोलली. तिचा आवाज त्या दिवशी गल्लीच्या टोकाला गेला नाही. हात जोडून, हसून, हळू म्हणाली, “नही बहीन, आम्हले काय तरास नही. सगळं बरं शे. तुम्ही आधी जेवी ल्या.”

आता, याचा अर्थ योगराजला सांगायला नको होता. त्याच्या घराची ती रीतच होती. दारी आलेला माणूस जेवल्याशिवाय त्याच्यापुढे घरचं दुःख काढायचं नाही. तो लहान असताना बन्सीलालमामा गावाहून आजी गेल्याची बातमी घेऊन आला होता. त्याचा चेहरा पाहूनच सगळ्यांना कळलं होतं. तरी फुईनं त्याला काही विचारलं नाही, पाट मांडला, ताट वाढलं. मामाही मुकाट जेवला, हात धुतले, आणि मग म्हणाला, “माय गई.” त्यानंतर घरानं हंबरडा फोडला. यात कुणालाच काही वेगळं वाटलं नव्हतं. म्हणजे फुईचं ‘काय तरास नही’ हे उत्तर नव्हतंच. ते ताट वाढण्याआधीचं बोलणं होतं. उत्तर जेवणानंतर येणार होतं, आणि चांगलं तासभर येणार होतं.

योगराज पाहुण्यांकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, “त्या म्हणतात, आम्हाला काही त्रास नाही. सगळं ठीक आहे.”

एवढंच. पुढचं वाक्य त्यानं गिळलं. लहानपणची सवय, तोंडाला विचारावं लागलंच नाही. शाहनाजबाईंनी लिहून घेतलं, योगराजच्याच नियमाप्रमाणे, जसंच्या तसं. त्यांनी आणखी दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बरं शे, आधी जेवा, आणि दोन्ही वेळा अर्धंच पलीकडे गेलं. मग सगळे उठले. फुई परातीशेजारी उभी होती. ती योगराजकडे बघत होती, आणि त्यानं घड्याळाकडे बघितलं.

कामरेजला काय झालं, तर तिथला सुकदेव पाटील नावाचा गृहस्थ कुणाला विचारायच्या भानगडीत पडलाच नाही. बस थांबली तशी त्यानं खमणाच्या बशा थेट पाहुण्यांच्या हातात दिल्या. पाहुण्यांनी खाल्लं, चहा घेतला, आणि मग गावानं जे बोलायला सुरुवात केली ते संध्याकाळ होईपर्यंत. शाहनाजबाईंनी दुसऱ्यांदा खमण मागून घेतलं, तेव्हा योगराज बाहेर जाऊन बसच्या सावलीत उभा राहिला. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. बसमध्ये, हॉटेलात, दुसऱ्या दिवशी विमानतळावर. त्यानं सांगितलं नाही. अहवालात नीट समजावून लिहू, असं तो स्वतःला म्हणत राहिला.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा अनुजानं चष्म्यावरून बघत विचारलं, “योगराज, तुमच्या त्या गल्लीत एकही तक्रार नाही? तुम्ही तर केवढं सांगायचात.”

“लोक जे म्हणाले तेच लिहिलंय, मॅडम,” योगराज म्हणाला.

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्या रात्रीपासून त्याला अन्न गोड लागेना. समजावून लिहायचं तर मी वाक्य गाळलं हे लिहावं लागणार होतं. आणि लोकांचे शब्द जसेच्या तसे लिहा म्हणून चार देशांपुढे छाती ठोकणारा माणूस तोच होता. काही दिवसांनी चारही देशांचं पडद्यावर बोलणं झालं, पहिल्या टप्प्यात कामरेजची वस्ती ठरली, कुणाला काही म्हणायचं आहे का असं विचारलं गेलं. योगराजचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता. त्यानं मान हलवली, नाही.

रविवारी तो फुईकडे जाईनासा झाला. कधी बैठक, कधी पोराची परीक्षा. वर्षाला काय ते कळत नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळत होतं. “फुई काही बोलल्या का तुम्हाला?” तिनं विचारलं. तो म्हणाला, नाही, ती काहीच बोलली नाही. फुईचा मुलगा भिकन टेम्पो चालवायचा, तो कधी हायवेवर भेटायचा. “आई इचारस,” तो म्हणायचा, “त्या पाव्हना परत कवय येतीन?” योगराज सांगायचा, कळवतो.

थंडी पडली. थंडीत धूर वर जात नाही, पत्र्यांवरच बसून राहतो. एका दुपारी भिकनचा फोन आला, की आईला दम लागून दवाखान्यात नेलं होतं, आता घरी आणलंय, डॉक्टरनं वाफ घ्यायचं मशीन दिलंय. त्यानं आणखी काही म्हटलं नाही, पण योगराज ऑफिसच्या जिन्यात खाली बसला. फुईच्या छातीतला धूर त्यानं घातला नव्हता, हे खरं. पण दार उघडलं होतं, ते त्यानं स्वतःच्या हातानं लावून घेतलं होतं, आणि कशापायी, तर हळदीच्या एका डागापायी. स्वतःची त्याला इतकी किळस आली की जिन्यावरून ये-जा करणाऱ्यांचंही भान राहिलं नाही.

तिथूनच त्यानं डॉक्टर शाहनाजना फोन लावला आणि सगळं सांगितलं. गाळलेलं वाक्यही सांगितलं, आणि का गाळलं तेही.

शाहनाजबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “योगराजभाई, माझी आई बरिशालच्या खेड्यातली. आमच्याकडेसुद्धा पाहुण्याच्या पुढ्यात भात वाढल्याशिवाय घरातलं दुखणं काढत नाहीत. त्या दिवशी फोडणीचा वास मला आला होता. मला वाटलं, तुम्ही काही म्हणत नाही, म्हणजे जेवण आमच्यासाठी नसेल. तुम्ही एवढंच म्हणायचं होतं, की त्या जेवायला बोलावतात. मला पुढचं कुणी सांगावं लागलं नसतं.”

 योगराजला वाटलं होतं, परदेशातल्या डॉक्टरला हे काय कळणार. आणि ती तर शेजारच्याच घरातली निघाली. न कळणारा त्या खोलीत एकटा तोच होता.

शाहनाजबाईंनी काही आडपडदा ठेवला नाही. पहिल्या टप्प्याच्या वस्त्यांवर चारही सरकारांच्या सह्या झाल्या होत्या, त्या आता बदलणार नव्हत्या. पण त्यांनी योगराजकडून सगळं लेखी मागवलं आणि बैठकीत ठेवलं. काठमांडूला धोरण पक्कं झालं तेव्हा त्यात एक नवं कलम होतं. वस्तीत गेलेल्या पथकानं आधी तिथल्या लोकांबरोबर बसून खावं, आणि मग प्रश्न विचारावेत. नेपाळचे गृहस्थ म्हणे यावर भरभरून बोलले, श्रीलंकेचे म्हणाले, हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं. अनुजा योगराजला फक्त इतकंच म्हणाली, “मला सांगायचं होतंत.” त्याची नोकरी राहिली, भाषांतराचं काम मात्र दुसऱ्याकडे गेलं. चार देशांतल्या किती तरी वस्त्यांना त्या कलमाचा उपयोग होईल. ओमकृपाला झाला नाही. तिचा विचार आता पुढच्या टप्प्यात, आणि तो टप्पा कधी, हे अजून कुणाला माहीत नव्हतं.

हे फुईला सांगायला तो रविवारी गेला.

दारात बाज होती, बाजेवर फुई. अंगानं निम्मी झालेली. शेजारी ते वाफेचं मशीन, आणि त्याच्या पांढऱ्या झाकणावर काजळीचा बारीक थर. त्याला बघून ती उठायला लागली.

“फुई, कसं शे? दम लागस का?” त्यानं विचारलं.

फुई हसली. हात जोडले नाहीत, एवढाच काय तो फरक. “नही भाऊ, बरं शे,” ती म्हणाली. “तू आधी जेव.”

 ज्या बाईनं त्याला जन्मभर उंबऱ्यातच गाऱ्हाण्यांनी भिजवून काढलं, ती आज त्याला बरं आहे म्हणत होती. तो या घरात पाहुणा झाला होता.

तिनं भिंत धरत धरत ताट वाढलं. वरण, बट्टी, वांग्याची भाजी. तो जेवायला बसला तशी ती आत गेली आणि पडदा ओढून घेतला. पडद्यामागून खोकला येत राहिला, तोंडात पदर कोंबून दाबलेला. त्याचं जेवण होईपर्यंत त्याच्या कानावर पडू नये म्हणून. योगराजनं बट्टीचा प्रत्येक घास पाण्याबरोबर उतरवला. ताटात काही टाकणं शक्यच नव्हतं.

त्यानं हात धुतले. फुई बाहेर येऊन बाजेवर बसली.

“आते सांग, फुई,” तो म्हणाला.

“तुले सांगीसन काय करू, भाऊ?” फुई म्हणाली. ती रागावलेली नव्हती, तेच अवघड होतं. “त्या पाव्हना कवय येतीन ते सांग. त्यासले सांगसू.”

“त्या येवाव नहीत, फुई. कामरेजनी वस्ती लिधी त्यासनी.”

फुईनं मान हलवली. हे तिला ठाऊक असल्यासारखी. “भिकननी माले मोबाइलमा फोटो दखाडा,” ती म्हणाली. “कामरेजले त्या खाई राहिंतात. ती डॉक्टरीन हासी राहिंती. आम्हना घरनं नही खादं त्यासनी. मी मनात म्हनं, जाऊ दे, मोठा लोके शेत. आम्हना हातनं कसं खातीन?” ती क्षणभर थांबली, दम घ्यायला. “म्हनीसन मंग कोनीच काय बोलनं नही.”

योगराजला वाटलं होतं, सगळ्यात वाईट ते त्याला माहीत आहे. हे माहीत नव्हतं. इतके महिने ती बाई स्वतःच्या हाताला दोष देत बसली होती. तो तिच्या पायाशी खाली बसला आणि या वेळी काहीही मऊ न करता त्यानं सांगितलं, की तू जेवायला बोलावलंस हे मी त्यांना सांगितलंच नाही. तुम्ही बायका तीनदा म्हणालात, मी तीनदा गाळलं. ती डॉक्टरीन जेवली असती. तिनं मला तसं सांगितलं. मला आपल्या घराची लाज वाटली, फुई.

मागच्या मिलेचा भोंगा झाला. फुईनं भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आता रिकाम्या परातीकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी सैल झाला, जणू काही मोठं ओझं उतरलं. मग तिनं योगराजकडे बघितलं.

“म्हंजे पाव्हना नको नही म्हनात,” ती हळू म्हणाली. “तू म्हना.”

आणि तिला खोकल्याची उबळ आली. या वेळी तिनं तोंडाला पदर लावला नाही.